तेरा औटे किती?

लहान मूल कडेवर घेतलेल्या माणसाला चारचौघांत खासगी आयुष्य उरत नाही, हे मला पूर्वीपासून ठाऊक होते; त्याला स्वतःचे गणितही उरत नाही, हे गेल्या रविवारी दिवाडीच्या फेरीबोटीवर कळले आणि अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

आईचा नवस फेडायला आम्ही नार्व्याच्या सप्तकोटेश्वराला निघालो होतो. डिचोलीकडून सरळ रस्त्याने जाता आले असते, पण थोरल्याला फेरीबोट हवी होती. म्हणून जुन्या गोव्यात व्हाइसरॉयच्या कमानीखालून धक्क्यावर उतरायचे, दिवाडी गाठायची आणि बेट ओलांडून दुसऱ्या फेरीबोटीने नार्वे, असा बेत ठरला. पोर्तुगिजांनी दिवाडीवरचे मूळ देऊळ पाडल्यावर देव नदीपलीकडे डिचोलीतल्या नार्व्यात नेला गेला आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार केला, हा इतिहास मी गाडीत मुलांना मोठ्या उत्साहाने सांगत होतो. देव नेणाऱ्यांच्या धाडसाविषयी मला नितांत आदर आहे. तथापि पाणी ओलांडताना त्या लिंगाने ऐन मध्यावर शू लागल्याचे जाहीर केले, किंवा खिडकीशीच बसायचे म्हणून तांडव केले, अशी नोंद कुठेही आढळत नाही.

गाडी फेरीबोटीत चढताच आई आणि बायको यांनी उन्हाचे कारण देऊन काचा वर केल्या व वातानुकूलित गारव्यात बसून राहिल्या. दोन्ही मुलांना 'पाणी दाखवण्याचे' काम माझ्याकडे आले. थोरला सहा वर्षांचा, पहिलीत जाणारा; त्याला कठड्यावर चढून पाण्यात थुंकायचे होते. धाकटी दोन वर्षांची. ती माझ्या खांद्यावर ओरडत होती, म्हणून मी तिच्या हातात मोबाईल दिला आणि त्यात कोणते तरी ससे नाचू लागले. एका हाताने पोराची कॉलर, दुसऱ्या हातावर पोरगी आणि कोपराला लंगोटांची, बाटल्यांची पिशवी, अशा अवस्थेत मी उभा असताना मास्तर आले.

मास्तर निवृत्त प्राथमिक शिक्षक होते, हे त्यांनी सांगण्याआधीच कळत होते. इस्त्रीचा पांढरा सदरा, खिशाला दोन पेने, काखेत छत्री आणि हातात कापडी पिशवी. त्या पिशवीतून ताज्या उंड्यांचा, म्हणजे गोव्यातल्या गोल पावांचा, असा काही वास येत होता, की थोरल्याने थुंकण्याचे काम थांबवून तिच्यात डोकावायला सुरुवात केली. गोव्याच्या फेरीबोटीत पायी प्रवास करणाऱ्याला तिकीट लागत नाही; सल्ल्यालाही लागत नाही. मास्तरांनी थोरल्याच्या हनुवटीला धरून विचारले, "पुता, दोनचा पाढा म्हण पाहू."

पोराने शाळेतल्या चालीवर डोलत सुरू केले, "टू वन्ज आर टू, टू टूज आर फोर."

मास्तरांचा चेहरा असा पडला, की मला क्षणभर त्यांच्या प्रकृतीची काळजी वाटली. मग त्यांनी पोराला सोडले आणि माझ्याकडे मोर्चा वळवला. "माध्यम कुठले?" गोव्यात हा प्रश्न जातीच्या प्रश्नापेक्षा नाजूक आहे. सरकारने १९९० मध्ये प्राथमिक शाळांचे अनुदान मराठी, कोकणी यांसारख्या भारतीय भाषांपुरते ठेवले आणि २०११ मध्ये ते इंग्रजी माध्यमालाही देण्याचा निर्णय घेतला. या वादात मित्र तुटले, मोर्चे निघाले, आणि शेवटी दोन्ही बाजूंच्या बहुतेकांची नातवंडे त्याच इंग्रजी शाळांत दिसू लागली. मी हळू आवाजात खरे ते उत्तर दिले. मास्तरांनी छत्री एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतली. "ठीक आहे," ते म्हणाले, "पोराचे सोडा. तुमच्या वेळी तरी शाळेत पाढे होते ना? तेरा औटे किती?"

औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी हे आमच्या आजोबांच्या पिढीचे व्याकरण होते. माझ्या आजोबांनी मला औटकी पाठ करून घेतली होती, पाठ न झाल्यास चहाबरोबर मिळणारी बिस्किटे बंद करून. म्हणून मी मूल, पिशवी आणि कॉलर सांभाळत, किंचित अभिमानानेच म्हणालो, "साडेपंचेचाळीस."

"चूक," मास्तर म्हणाले. "सत्तेचाळीस."

मी नम्रपणे सांगितले, की तेरा तिये एकोणचाळीस आणि तेराचे निम्मे साडेसहा, मिळून साडेपंचेचाळीस. शिवाय विषम आकड्याला औट लावले की अर्धा उरायलाच हवा, त्यामुळे सत्तेचाळीस येणे शक्यच नाही. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. त्यांनी शेजारी स्कूटरला टेकलेल्या तरुणाकडे पाहून दयेने स्मित केले. तो तरुण बहुधा त्यांचाच विद्यार्थी असावा, कारण तो लगेच म्हणाला, "मास्तर चुकचे नात रे!" रिकामी टोपली उपडी घालून तिच्यावर बसलेल्या एका मावशींनी मान डोलावली. कोपऱ्यातल्या दोघांनी गप्पा थांबवून मला न्याहाळले. गणिताचा निर्णय बहुमताने लावता येत नाही, असा माझा आजवर समज होता. फेरीबोटीत तोही लावता येतो.

पुराव्याखेरीज हे संपणार नाही असे दिसल्यावर मी धाकटीच्या हातातून मोबाईल घेतला. हिशेबाचा पडदा उघडायचा, तेरा गुणिले साडेतीन करायचे आणि आकडा मास्तरांच्या नाकासमोर धरायचा, एवढाच माझा विचार होता. परंतु ससे नाहीसे होताच पोरीने असा टाहो फोडला, की धक्क्यावरची कुत्री इकडे पाहू लागली असावीत. तिने पाठीची कमान केली, एक सँडल काढून फेकली आणि ती मावशींच्या टोपलीवर आदळली. माझ्या अंगठ्याला लाळेने माखलेल्या काचेवर आकडेच उमटेनात. तेरा दाबले की एकशे तीन होत होते.

"बघा," मास्तर सगळ्यांना उद्देशून म्हणाले, "मोबाईल दिला की हे असे होते."

"भुरग्यांक मोबायल दिवपाचो न्हय," मावशींनी सँडल माझ्याकडे सरकवत निकाल दिला. स्कूटरवाल्याने आपल्या बहिणीच्या मुलाला कसा चष्मा लागला ते सांगितले. कोपऱ्यातल्या दोघांपैकी एकाने मुलांना सकाळी उठवून रामरक्षा म्हणायला लावावी असे सुचवले, तर दुसऱ्याने नाचणीचे सत्त्व. त्या फेरीबोटीत पंधरा-वीस माणसे तरी असतील, त्यांतल्या निम्म्यांकडे माझ्या मुलांच्या संगोपनाची निश्चित योजना होती आणि एकाच्याही मोकळ्या हाताला ती लंगोटांची पिशवी धरावीशी वाटली नाही. हेच मला अजून सलते. मूल वाढवायला सगळा गाव लागतो असे म्हणणाऱ्यांनी एकदा त्या गावाबरोबर नदी ओलांडून पाहावी. गाव हात खिशातच ठेवतो.

काचेआडून बायको हे सारे पाहत होती. नंतर तिने सांगितले, की कोणीतरी ओळखीचे भेटले आणि छान गप्पा चालल्या आहेत असे तिला वाटले. पोरीच्या किंचाळण्याचे काय, असे विचारल्यावर ती म्हणाली की एसीच्या आवाजात ते ऐकू आले नाही.

दिवाडीचा धक्का आला, रॅम्प पडला. मास्तरांनी उतरण्यापूर्वी थोरल्याला खिशातून लिमलेटची गोळी काढून दिली, त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि त्याच्याकडून एक ओळ दोनदा म्हणून घेतली. कोणती ओळ, हे मला स्कूटरच्या आवाजात कळले नाही. ते बेट ओलांडताना मागच्या सीटवरून कळले. "तेरा औटे सत्तेचाळीस," पोरगा गोळी गालात धरून म्हणत होता. पहिलीपर्यंत मराठीतला एकही पाढा तोंडात न बसवलेल्या माझ्या मुलाला पहिली ओळ आली, ती चुकीची.

मी त्याला साडेपंचेचाळीस सांगितले, कागदावर शेंगदाणे मांडून दाखवण्याचेही वचन दिले. "पण मास्तर म्हणाले," तो म्हणाला. ज्या मुलाने शाळेतल्या बाईंचे आणि माझे आजवर काहीही मानलेले नाही, त्याने दहा मिनिटांच्या ओळखीच्या माणसाचे प्रमाण मानले. आईनेही मागून री ओढली, की जुन्या मास्तरांचे पाढे पक्के असतात.

नार्व्याला आई नवस फेडत असताना थोरला देवळात खांबाभोवती फेऱ्या घालत तीच ओळ तालात म्हणत होता. भटजींनी पळी खाली ठेवून कौतुकाने पाहिले. "आजकाल औटकी कोण शिकवतो?" ते म्हणाले, आणि त्याच्या हातावर प्रसादाची दोन केळी जास्त ठेवून आईला म्हणाले, "बापाने शिकवली वाटते."

आईने समाधानाने मान डोलावली.