‘फुकटचा वकील काय कामाचा?’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

गेल्या महिन्यात गल्लीच्या ग्रुपवर एक मेसेज आला. मग तालमीच्या ग्रुपवर, मग भाच्याकडून पुन्हा तोच. मजकूर थोडक्यात असा: मोफत वकील फक्त दारिद्र्यरेषेखालच्यांना, तोही शिकाऊ, लोक अदालतीत सही घेऊन केस बुडवतात, आणि हे मोफत वकील देणारं सरकारी विधी सेवा प्राधिकरण कॉलेज, दवाखाने, तुरुंग यांच्याबरोबर जे काही करतं ते फोटोपुरतं. ‘त्यापेक्षा जाणकार माणूस गाठा’ असा सल्ला, आणि खाली एक मोबाईल नंबर.

सगळंच खोटं असतं तर मी लिहायला बसलो नसतो. चार वाक्यांत अर्धं वाक्य खरं आहे, तिथं पोचूच.

दारिद्र्यरेषेचं म्हणणं साफ चूक. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा, लागू झाला १९९५ मध्ये. त्याच्या कलम १२ मध्ये महिला, बालकं, अनुसूचित जाती-जमाती, अपंग, औद्योगिक कामगार आणि कोठडीतली माणसं यांना उत्पन्नाची अट नाही. बाई बंगल्यात राहत असली तरी तिला वकील मागता येतो. याच कलमात पूरग्रस्त आहेत, हे कोल्हापुरात तरी पाठ असायला हवं होतं. २०१९ आणि २०२१ मध्ये शिरोळ-करवीरकडं ज्यांचं घर पाण्यात गेलं, त्यातल्या किती जणांना हे कुणी सांगितलं? यापैकी कशातच न बसणाऱ्यांसाठी उत्पन्नाची मर्यादा आहे, महाराष्ट्रात वर्षाला तीन लाख. त्यासाठीही दाखल्यावाचून अडत नाही. अर्जदाराचं शपथपत्र एरवी पुरेसं धरता येतं, असं कायदाच म्हणतो.

शिकाऊ वकील? प्राधिकरणाच्या पॅनेलवर, म्हणजे मोफत केस देण्यासाठी ठेवलेल्या वकिलांच्या यादीत, यायला किमान तीन वर्षांची वकिली लागते. फौजदारी खटल्यांसाठी २०२२ पासून ‘लोक अभिरक्षक’, म्हणजे आरोपीच्या बचावासाठी प्राधिकरणानं नेमलेले पूर्णवेळ वकील, आले. त्यांच्या प्रमुखाला दहा वर्षांचा अनुभव लागतो, उपप्रमुखाला सात, आणि त्यांना खासगी केस घेता येत नाही. सहायक मात्र नवे असतात, ते खरं. मानधन कमी म्हणून काही पॅनेल वकील जीव लावून काम करत नाहीत, हेही मी पाहिलंय. पण मग प्राधिकरणाच्या सचिवांकडं तक्रार करून वकील बदलून मागता येतो. ‘खर्चापाण्याचं बघा की’ असं कुणी म्हणालं तर तीही तक्रारच, अशिलाकडून पैसे घ्यायला मनाई आहे.

लोक अदालतीबद्दलची भीती मला समजते. निवाड्यावर अपील नाही, म्हणून माणूस बिचकतो. पण तिथं दोन्ही बाजूंची तडजोड झाली तरच निवाडा होतो. नाही झाली तर केस जिथून आली त्या कोर्टात परत जाते. पंजाब सरकार विरुद्ध जलौर सिंग या २००८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की लोक अदालतीला स्वतःहून निकाल द्यायचा अधिकारच नाही. फसवून सही घेतली असेल तर उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते, आणि त्यासाठी १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबईची रेल्वे पकडावी लागत नाही. उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच आहे. वीज, टपाल, विमा अशा लोकोपयोगी सेवांची ‘कायमस्वरूपी लोक अदालत’ वेगळी. तिला तडजोड फिसकटल्यावर निर्णय देता येतो. मेसेज लिहिणाऱ्याचा घोळ बहुधा इथं झालाय.

आता फोटो. एक दिवसाचं शिबिर, मागं फ्लेक्स, पुढं भाषणं, चहा-बिस्किटं, आणि अडचणीतली बाई शेवटच्या खुर्चीवर गप्प. हे होतं. तेच ते अर्धं खरं वाक्य. पण त्यावरून संस्थांनी हात मिळवण्यात अर्थ नाही असं निघत नाही. १९८६ च्या सुक दास प्रकरणाचं बघा. आरोपीनं वकील मागितला नाही म्हणून त्याला मिळाला नव्हता. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, ज्याला हक्कच माहीत नाही तो मागणार कसा? शिक्षा रद्द झाली. म्हणजे माणूस जिथं आधीच पोचलेला असतो तिथं कायद्याला जावं लागतं, आणि त्या जागा न्यायखात्याच्या नाहीत. मारहाण झालेली बाई आधी सीपीआर या सरकारी दवाखान्याच्या अपघात विभागात येते, कोर्टात नाही. तिथल्या नर्सला मनोधैर्य योजना ठाऊक असली आणि तिनं प्राधिकरणाला एक फोन केला, तर बलात्कार किंवा ॲसिड हल्ल्यातल्या पीडितेचा मदतीचा अर्ज वेळेत जातो, कारण ती मदत मंजूर करतं प्राधिकरणच.

कळंब्याच्या कारागृहाचं तसंच. पहिल्याच गुन्ह्यातल्या कच्च्या कैद्यानं कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला, तर नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे त्याला सोडायचं असतं (फाशी-जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून जास्त खटले असलेले सोडून). पण दिवस मोजायचे कुणी? तारखा कारागृहाकडं, खटल्याची कागदपत्रं कोर्टात, वकील प्राधिकरणाकडं. तिघं एका टेबलाशी बसावेत म्हणून जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली आढावा समिती असते, तिथं फ्लेक्स लावत नाहीत.

राहिला ‘जाणकार माणूस’. त्या नंबरवर मी फोन केला. अर्ज लिहायचे पाचशे, ‘साहेबांशी बोलायचे’ वेगळे.

प्राधिकरणाचं कार्यालय कसबा बावड्याच्या न्याय संकुलात आहे, तालुक्याच्या कोर्टात तालुका समिती असते. नंबरच हवा असेल तर १५१००, तो फुकट आहे.