नाव ‘सेफ’ आहे, एवढ्यावर निभत नाही

सेफ (Ceph) म्हणजे अनेक सर्व्हरांच्या डिस्क जोडून एकच मोठं स्टोरेज, म्हणजे क्लस्टर, बनवणारं सॉफ्टवेअर. त्यात एकेक डिस्क सांभाळणारी सर्व्हिस म्हणजे ओएसडी, आणि एकत्र ठेवलेल्या डेटाचा गट म्हणजे पीजी. त्याबद्दल मुंबई-नवी मुंबईतल्या सिस्टिम अॅडमिनांमध्ये एक मेसेज फिरत असतो: ‘सेफ क्लस्टरमध्ये तीन कॉपी असतात. करप्शन दिसलं की पीजी रिपेअर मारा. नाही जमलं तर ओएसडी पुसून नवी लावा, क्लस्टर आपोआप भरून काढतो. वीज गेली तरी फरक पडत नाही. दुसऱ्या साइटवर मिररिंग असेल तर बॅकअपचा खर्च वाया.’

तीन कॉपी असतात, खरंय. पण क्लायंटकडून आलेला डेटा प्रायमरी ओएसडी घेते आणि तोच बाकी दोघींना देते. अॅप्लिकेशनने चुकीचं लिहिलं किंवा ईसीसी (चूक पकडून दुरुस्त करणारी सोय) नसलेल्या रॅममध्ये एखादा बिट वाटेतच उलटला, तर तिन्ही कॉपी सारख्याच चुकीच्या, आणि चेकसम (डेटावरून काढलेला पडताळणीचा आकडा) मात्र तंतोतंत जुळणारा.

‘पीजी रिपेअर मारा’ हा त्यातला सर्वांत महाग सल्ला. रिपेअर म्हणजे एक कॉपी खरी धरून तिच्यावरून बाकीच्या पुन्हा लिहिणं. खरी कोणती, हे ठरतं कशावरून? ब्लूस्टोअर (ओएसडीची डिस्कवर डेटा ठेवण्याची पद्धत, २०१७ च्या ल्युमिनस आवृत्तीपासून डीफॉल्ट) ब्लॉकगणिक सीआरसी३२सी चेकसम ठेवतं. वाचताना तो जुळला नाही की ती कॉपी रीड एरर म्हणून बाद होते, त्यामुळे तिथे रिपेअर बहुतेकदा नीट चालतं. जुन्या फाइलस्टोअरमध्ये ही सोय नाही. नोंदवलेला डायजेस्टच (पूर्ण ऑब्जेक्टचा चेकसम) नसेल, तर खराब कॉपी खरी ठरून चांगलीवर लिहिली जाऊ शकते.

म्हणून आधी ‘सेफ हेल्थ डिटेल’मधून इनकन्सिस्टंट (कॉपी न जुळणाऱ्या) पीजीचा नंबर घ्या. मग त्यावर ‘राडोस लिस्ट-इनकन्सिस्टंट-ओबीजे’ चालवा. स्क्रबची (कॉपी ताडून बघणाऱ्या तपासणीची) माहितीच नाही असं उत्तर आलं, तर त्या पीजीचा डीप स्क्रब (सगळा डेटा वाचून केलेली तपासणी) करून पुन्हा विचारा. प्रत्येक शार्डपुढची, म्हणजे एकेका ओएसडीवरच्या कॉपीपुढची, एरर वाचा. रीड एरर असेल तर त्या मशीनवर डीमेसेज (कर्नलचा लॉग) आणि स्मार्टसीटीएल (डिस्कच्या तब्येतीचा अहवाल) बघा. पेंडिंग सेक्टर (डिस्कला नीट वाचता न येणारे भाग) वाढत असतील तर रिपेअरनंतर डिस्क बदलाच, नाहीतर पुढच्या डीप स्क्रबला, म्हणजे साधारण आठवड्याने, पुन्हा तोच लाल दिवा. रीड एरर कुठेच नाही, पण डायजेस्ट जुळत नाहीत? मग रिपेअरला हात लावू नका. कॉपी वेगवेगळ्या काढून ताडून बघा. दोनच कॉपींच्या पूलमध्ये तर बहुमतसुद्धा नसतं.

ओएसडी पुसण्याचं म्हणाल, तर पुसायची ती शेवटी. दोन ओएसडी डाऊन असताना तिसरीवर उरलेली कॉपी एकमेव असू शकते, आणि डाऊन असलेलीवरही नेमका हवा तो पीजी सापडू शकतो. ‘नोआऊट’ (डाऊन ओएसडीला क्लस्टरबाहेर काढू नये असा फ्लॅग) आधी लावा. डीफॉल्टने ६०० सेकंदांत डाऊन ओएसडी आऊट होते आणि डेटाची हलवाहलव सुरू होते. नंतर ओएसडीची सर्व्हिस थांबवून ‘सेफ-ऑब्जेक्टस्टोअर-टूल’ने तो पीजी दुसऱ्या डिस्कवर एक्स्पोर्ट करा. अनफाउंड (चालू ओएसडींवर न सापडणारा) ऑब्जेक्ट ‘लॉस्ट’ म्हणून घोषित करणं म्हणजे सही करून हक्क सोडणं. इरेजर कोडेड पूलमध्ये (पूर्ण कॉपींऐवजी तुकडे आणि पॅरिटी ठेवणाऱ्या) तर ‘रिव्हर्ट’ही (जुनी आवृत्ती परत) मिळत नाही, फक्त ‘डिलीट’.

वीज? १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी मुंबई महानगरातली वीज गेली, हे इथे कोणाला सांगायला नको. पॉवर लॉस प्रोटेक्शन नसलेल्या, लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या डेस्कटॉप एसएसडी ‘लिहिलं’ म्हणतात आणि ते कॅशमध्येच राहिलेलं असू शकतं. क्रश नियमात (कॉपी कुठे ठेवायच्या ते ठरवणाऱ्या) फेल्युअर डोमेन ‘होस्ट’च ठेवलं असेल, म्हणजे कॉपी फक्त वेगवेगळ्या सर्व्हरवर असाव्यात एवढीच अट असेल, तर तिन्ही कॉपी एकाच रॅकमध्ये, एकाच पीडीयूवर (रॅकला वीज वाटणाऱ्या पट्टीवर) येऊ शकतात, म्हणजे तिघींचा घात एकाच क्षणी.

आणि मिररिंग: एका साइटवर, समजा चांदिवलीत, डिलीट झालेलं दुसऱ्या साइटवर, ऐरोलीतही इमानेइतबारे डिलीट होतं. स्नॅपशॉट बरे, पण ते त्याच क्लस्टरच्या पोटात असतात. बॅकअपसाठी ‘आरबीडी एक्स्पोर्ट’ (सेफमधल्या आभासी डिस्कची पूर्ण प्रत) आणि त्यावर ‘एक्स्पोर्ट-डिफ’ (फक्त झालेले बदल), वेगळ्या स्टोरेजवर, वेगळ्या लॉगिनने. मधला एक डिफ बिघडला तर त्यापुढचे लागू होत नाहीत, तेव्हा ठरावीक अंतराने नवी पूर्ण एक्स्पोर्ट काढावी लागते.