भिंत स्लॅबपर्यंत न्यायला हवी: एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

जळगावातील सामायिक कार्यालयांविषयीच्या, म्हणजे वेगवेगळ्या व्यवसायांची माणसे खुर्चीमागे भाडे देऊन एकत्र वापरतात अशा जागांविषयीच्या, माझ्या लेखावर आपण धुळ्याहून पाठवलेली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. आपले आक्षेप तीन आहेत. काचेच्या केबिनी दाखवून मी पुण्याची नक्कल सुचवली. आपल्याकडचा व्यापारी परक्या माणसाशेजारी बसून हिशेबाची वही उघडणार नाही. आणि अशीच कार्यालये चालवणारी वीवर्कसारखी मोठी कंपनी जिथे दिवाळखोरीत गेली, तिथे खानदेशातल्या माणसाने या धंद्यात पैसा का घालावा. पहिला आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, दुसरा बराचसा मान्य आहे. तिसऱ्याशी मात्र मी सहमत नाही.

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा 45 अंशांवर जातो, त्या गावात पश्चिमेला पूर्ण काच लावलेल्या दालनाचे छायाचित्र मी आदर्श म्हणून छापायला नको होते. आतल्या बाजूच्या पडद्याने हे भागत नाही, कारण ऊन काच ओलांडून आत आल्यावरच पडदा त्याला अडवतो; ते काचेच्या बाहेरच, छज्ज्याने किंवा उभ्या पट्ट्यांनी अडवावे लागते. आपल्या धाब्याच्या घरांच्या जाड मातीच्या भिंती आणि लहान खिडक्या हेच काम करत आल्या आहेत. शिवाय साधा स्प्लिट एसी आतलीच हवा फिरवतो, बाहेरची ताजी हवा आणत नाही, म्हणून वीस माणसांच्या बंद दालनात दुपारनंतर डोके जड होते. ताज्या हवेचा पंखा नकाशातच धरावा लागतो, आणि माझ्या लेखात तो नव्हता.

गोपनीयतेचा आपला मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे आणि त्याची मुळे माणसांच्या स्वभावात जितकी आहेत, तितकीच बांधकामातही आहेत. बहुतेक ठिकाणी केबिनचे पार्टिशन फॉल्स सीलिंगपर्यंतच नेतात. सीलिंगच्या वरची पोकळी सगळ्या केबिनींना सामायिक राहते आणि एका खोलीतला उधारीचा आकडा शेजारच्या खोलीत स्पष्ट ऐकू जातो. पार्टिशन स्लॅबला भिडवले, त्याच्या दोन बोर्डांमध्ये रॉकवूल (आवाज शोषणारी दगडी तंतूंची लोकर) भरले आणि दाराखालची फट रबरी पट्टीने बंद केली, तर बोलणे ऐकू आले तरी शब्द कळत नाहीत, आणि व्यापाऱ्याला तेवढेच हवे असते. हा खर्च भिंतीच्या रंगावर आणि रिसेप्शनच्या दिव्यांवर होणाऱ्या खर्चातून सहज निघू शकतो, असे माझे ठाम मत आहे. सर्वांना वाय-फायचा एकच पासवर्ड देणे हीसुद्धा तशीच उघडी फट आहे. प्रत्येक सभासदाचे नेटवर्क वेगळे ठेवता येते आणि ते ठेवलेच पाहिजे. त्याबरोबर प्रत्येकाला कुलपाचे कपाट द्यावे. एवढे करूनही अडत्याने आपली पेढी सोडून इथे बसावे, असे मी म्हणणार नाही. त्याची पेढी हीच त्याची पत आहे, हे आपले म्हणणे बरोबर आहे.

आता पैशांविषयी. वीवर्क 2010 मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू झाली, 2019 च्या आरंभी तिचे मूल्य 47 अब्ज डॉलर धरले गेले आणि नोव्हेंबर 2023 मध्ये तिने दिवाळखोरी संरक्षणासाठी अर्ज केला. तिच्या अडचणीचे एक मूळ कारण असे, की इमारतमालकांशी करार अनेक वर्षांचे आणि सभासदांशी बरेचदा महिन्यांचे. मागणी घटली तरी भाडे चालूच राहिले. यावरून धंदा वाईट ठरत नाही, भाड्याचा करार चुकीचा ठरतो. समजा, 40 खुर्च्या आहेत, खुर्चीमागे महिना 4,000 रुपये मिळतात आणि खर्च 1 लाख आहे, त्यात भाडे 40,000. मग दरमहा 25 खुर्च्या भरल्याच पाहिजेत. त्याऐवजी मालकाला जमेच्या 30 टक्के ठरवले, तर 22 खुर्च्यांवर खर्च निघतो. खुर्च्या रिकाम्या राहिल्या तर मालकाला कमी मिळते, पण 34 खुर्च्यांपासून त्याला ठरलेल्या भाड्यापेक्षा जास्त मिळू लागते आणि सगळ्या भरल्या तर 48,000 पडतात. दुकानावरचा मजला रिकामा ठेवून बसलेल्या मालकाशी असे बोलणे शक्य असते. महानगरातल्या मोठ्या इमारतीत ते अवघड जाते.

मग या खुर्च्यांवर बसणार कोण, हा आपला प्रश्न उरतो. मी महिन्याच्या दरावर भर दिला, तिथे माझी चूक झाली. पुण्यात नोकरी करणारी आपली मुले आखाजीला (अक्षय्य तृतीयेला), दिवाळीला आणि श्रावणात कानबाईच्या उत्सवाला घरी येतात. सुट्टी दोन दिवसांची असते, मनात मात्र आठवडाभर राहण्याची इच्छा असते. घर पाहुण्यांनी भरलेले, त्यात कंपनीची मीटिंग. अशा माणसाला चार दिवसांचा पास हवा असतो, आणि तो त्याने पुण्यातून निघण्यापूर्वी घेतलेला असावा. म्हणून जाहिरात गावातल्या फलकापेक्षा या मुलांच्या आणि त्यांच्या कुटुंबांच्या व्हॉट्सअॅप गटांत आधी गेली पाहिजे, आणि तीत सोफ्याचे छायाचित्र नको. दिवसाचा दर, दोन वेगळ्या कंपन्यांचे इंटरनेट आहे की नाही, वीज गेल्यावर बॅटरी किती वेळ चालते, एवढे तिने सांगावे. जुलैअखेरीस विवरणपत्रांच्या गर्दीत कर सल्लागारांना जादा टेबले लागतात, तेव्हा तीच जागा त्यांना द्यावी. त्यासाठी टेबले चाकांची आणि विजेचे पॉइंट जमिनीत ठिकठिकाणी हवेत. लवचिक जागा याचा मला कळलेला अर्थ इतकाच आहे.

जीएसटी नोंदणीसाठी पत्ता मिळतो का, असे आपण ओघात विचारले आहे. मिळतो. त्यासाठी सहसा करारनामा, मालकाचे संमतीपत्र आणि वीजबिल किंवा घरपट्टीची पावती लागते, आणि अधिकारी पाहणीला आल्यास तिथे आपले काम खरोखर चालत असल्याचे दिसले पाहिजे.

मूळ लेखातले काचेच्या दालनाचे छायाचित्र मी आज काढून टाकले आहे. त्या जागी पार्टिशन स्लॅबला कसे जोडावे, याचे छेदचित्र काढतो आहे. ते झाले की आपण पाहावे, आणि त्यात चूक आढळली तर अशीच स्पष्टपणे कळवावी, ही विनंती.