आजी खिडकीत बसली म्हणून

मी नऊ वर्षांची होईपर्यंत एकदाही खाली खेळायला गेले नव्हते. डोंबिवलीत दुसऱ्या मजल्यावर आमचं घर. आई-बाबा दोघंही नोकरीला. शाळेतून आले की आतून कडी लावायची आणि गॅलरीच्या ग्रिलला गाल टेकवून खालची लगोरी बघायची. कोण बाद, कोणावर राज्य, सगळं मला पाठ. खालच्या मुलांना माझं नावही माहीत नव्हतं.

शेजारी आईला म्हणायचे, "किती जपता हो मुलीला!" ते जपणं नव्हतं, धास्ती होती. आई-बाबांचं लग्न आंतरजातीय, १९८७ सालचं. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याप्रमाणे ३० दिवस आधी नोटीस लागते. ती कोणीतरी वाचली आणि कुडाळजवळ आमच्या गावी बातमी पोचवली. दोन्ही घरं तुटली. अडीअडचणीला हाक मारावी असं एकही माणूस नाही, अशा आई-बापांनी कडी लावू नये तर काय करावं? मला हे स्वतः आई झाल्यावर कळलं.

१९९८ च्या फेब्रुवारीत आजी मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मुंबईला आली. काकांच्या खोलीत जागा नव्हती, म्हणून नाइलाजाने आमच्याकडे. आईने रजा टाकली. पहिले दोन दिवस दोघी बोलल्याच नाहीत. पण दर चार तासांनी डोळ्यात थेंब घालायचे होते. आई तिची हनुवटी वर करायची, बोटाने पापणी अलगद खाली ओढायची, ओघळलेलं पाणी पदराने टिपायची. माफी कोणीच मागितली नाही. तिसऱ्या दिवशी आजीच म्हणाली, "चेडवाक खेळूक सोड गो. मी बसतंय खिडकीत."

काळा चष्मा लावून ती बसली. तिला खालचं कितीसं दिसत होतं, देव जाणे. मी मात्र दर मिनिटाला वर बघत होते.

त्याच मे महिन्यात नव्या कोकण रेल्वेने आम्ही गावी गेलो. आजोबांनी माझा पाट आपल्याशेजारी मांडायला लावला. आईशी ते शेवटपर्यंत मोकळेपणी बोलले नाहीत. तिला ते अजून सलतं.

हल्लीची मुलं एकलकोंडी झाली म्हणून आपण मोबाईलला बोल लावतो. मी म्हणते, आपण कोणाकोणाशी बोलणं टाकलंय ते आधी आठवा. भांडण मोठ्यांचं असतं, पण आजी, काका, चुलत भावंडं मुलांची जातात.

आमच्याही घरात जमिनीवरून तीन वर्षं अबोला आहे. माझ्या सात वर्षांच्या मुलाला चुलत बहिणीचा चेहरा आठवत नाही. काल मीच जाऊबाईंना फोन केला. जमिनीचा विषय दोघींनीही काढला नाही. शनिवारी त्या मुलीला घेऊन येतायत.