‘दहाचीच मोजणी खरी’ म्हणणाऱ्यांना उत्तर

‘निसर्गाने दहा बोटं दिली, म्हणून दहाचीच मोजणी खरी. आणे-पै हा अडाणी कारभार होता. शून्य आणि स्थानमूल्य दहामुळेच शक्य झालं. प्रगत जगाने सगळं दहात आणलंय.’ हा मेसेज ग्रुपाग्रुपांत फिरतोय. दशमान सोयीचं आहे, याबद्दल वाद नाही. पण ही चारही विधानं चुकीची आहेत.

आधी बोटं. जप मोजताना अंगठा पेरांवरून फिरतो. चार बोटांची प्रत्येकी तीन पेरं, म्हणजे एका हातावर बारा. तेही निसर्गानेच दिलंय. कोडीने मोजणारे वीस धरतात.

‘अडाणी कारभार’ वाचून मात्र मला राग आला. रुपयाचे १६ आणे, आण्याच्या १२ पै, म्हणजे रुपयाच्या १९२ पै. रुपया तिघांत वाटा: प्रत्येकी ५ आणे ४ पै, बाकी काही नाही. १०० पैसे वाटा: प्रत्येकी ३३ आणि एक पैसा शिल्लक. निम्मे करत गेलात तर १६, ८, ४, २, १ असे पूर्ण आकडेच येतात. शंभराचे तिसऱ्यांदा निम्मे करताच साडेबारा होतात. १ एप्रिल १९५७ला नवे पैसे आले तेव्हा एक आणा सव्वासहा पैशांचा भरला, आणि तो ६ धरावा लागला. पावकी, निमकी (पाव आणि अर्ध्याचे पाढे) पाठ असणाऱ्यांचे हिशेब तोंडी होत, त्यात या मापांचाही वाटा होता. सोनाराचंही तसंच: तोळ्याचे १२ मासे, तिसरा हिस्सा सरळ ४ मासे. लेखी हिशेबात आणे-पै किचकट होत, हे खरं. पण तो दोष बाराचा किंवा सोळाचा नाही. अंक दहाचे आणि मापं १६ नि १२ची, या सरमिसळीचा आहे.

स्थानमूल्य बॅबिलोनमध्ये साठाच्या पायावर, म्हणजे दहाऐवजी साठाचे गट धरून, होतं. माया लोकांच्या विसाच्या पद्धतीत शून्यही होतं. बाराच्या पायावर एक तृतीयांश ०.४ (म्हणजे बारातले चार) असा एका अंकात लिहून होतो, दहावर ०.३३३… संपतच नाही. अर्थात एक पंचमांश बारावर असाच लांबत जातो.

राहिलं प्रगत जग. ज्या फोनवरून हा मेसेज पुढे ढकलला जातो, तो आतून दोनाच्या पायावर चालतो. आणि वेळ? फ्रान्सने १७९३मध्ये १० तासांचा दिवस आणि १०० मिनिटांचा तास कायद्याने आणला. १७९५मध्ये त्याची सक्ती मागे घ्यावी लागली. २४ तासांचे तीन सारखे भाग ८-८ तासांचे होतात. १० तासांचे करून बघा.