अगत्य येण्याचे करावे

मावशीच्या भाजणीची वेबसाइट मी वर्डप्रेस नावाच्या तयार साधनावर बनवून दिली, ही माझी पहिली चूक. दोन महिने ती रोज एकच विचारायची, "अरे, शोधल्यावर आपण दिसत का नाही?"

"पत्ता टाकून उघड ना."

"ज्याला पत्ता माहीत आहे तो डोंबिवलीला घरीच येतो," मावशी म्हणाली. याला उत्तर नव्हतं.

मावशीच्या नातवाने फोनवरून निदान केलं. "काका, गूगलला साइटमॅप दिलात का?"

साइटमॅपमध्ये नकाशा वगैरे काही नसतो. आपल्या पानांच्या पत्त्यांची एक्सएमएल नावाच्या सोवळ्या भाषेत लिहिलेली यादी, एवढंच. गूगलने २००५ मध्ये ही पद्धत काढली आणि पुढच्याच वर्षी याहू, मायक्रोसॉफ्टही पंक्तीला येऊन बसले. एका फाइलीत ५०,००० पत्ते चालतात. आमचे एकतीस. म्हटलं, रात्रीत हातानेच लिहून टाकू.

फाइल नाकारली गेली. कारण शोधण्यात दोन रात्री गेल्या. एक्सएमएलची पहिली घोषणा फाइलीच्या अगदी पहिल्या अक्षरापासून सुरू व्हावी लागते, आणि मी सवयीने वर एक ओळ मोकळी सोडली होती. कोऱ्या कागदावर 'श्री' पुरती जागा सोडतात, तशी.

मग मराठी पत्ते. मी हौसेने पानांचे पत्ते देवनागरीत ठेवले होते. यादीत लिहिताना त्यातल्या एकेका चिन्हाची नऊ-नऊ होतात. 'थालीपीठ' हा सुटसुटीत शब्द टक्का ई शून्य, टक्का ए चार, टक्का ए पाच असं करत ६३ चिन्हांचा झाला. एवढ्यात थालीपीठ थापून, भाजून, लोण्याबरोबर खाऊनही झालं असतं.

पण खरा घोळ घातला तो मानपानाने. प्रत्येक पानाला शून्य ते एक असं महत्त्व देता येतं. मी भाजणीला १.० दिलं, मेतकुटाला ०.७. मावशी शेजारी बसून बघत होती.

"मेतकूट खाली का? सासूबाईंच्या हातचं प्रमाण आहे ते."

मेतकूट वर गेलं. मग कांदा-लसूण मसाल्याने काय घोडं मारलं होतं? शेवटी एकतीसच्या एकतीस पानांना १.०. 'पान किती वेळा बदलतं' असाही एक रकाना असतो. "चाळीस वर्षांत चिमूटभर बदललेलं नाही," मावशीने बजावलं, म्हणून तिथे 'कधीच नाही' लिहिलं. हे दोन्ही रकाने गूगल बघतच नाही, असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. ते मी नंतर वाचलं. मावशीला अजून सांगितलेलं नाही.

एकदाची यादी स्वीकारली गेली. पुढे काही नाही. पत्रिका पोचली म्हणून पाहुणा येतोच असं नाही, आणि आला तरी जेवूनच जाईल असंही नाही. सगळ्या पानांपुढे एकच शेरा: सापडलं, पण अजून नोंदलेलं नाही. सरकारी कचेरीतल्या अर्जाला याहून गोड उत्तर मिळतं.

नातवाला पुन्हा फोन केला.

"साइट वर्डप्रेसवर आहे ना, काका? २०२० च्या ५.५ आवृत्तीपासून साइटमॅप आपोआप तयार होतो त्यात."

"मग आधी का नाही बोललास?"

"तुम्ही विचारलंत कुठे?"

माझी यादी मी मुकाट्याने काढून टाकली आणि आपोआप झालेली पाठवली. तीन आठवड्यांनी सकाळी सातला मावशीचा फोन. आवाजात आनंद आणि संशय अर्धा-अर्धा.

"दिसलो रे! पण हा लॉस एंजेलिसचा माणूस कोण?"

मी साइट उघडली. वर्डप्रेस सुरुवातीला एक नमुन्याचं पान देतं; दिवसा सायकलवरून टपाल पोचवणाऱ्या आणि नट व्हायची स्वप्नं बघणाऱ्या एका माणसाचा त्यात परिचय असतो. ते काढायचं मी विसरलो होतो. माझ्या यादीत ते नव्हतं. आपोआपच्या यादीत प्रकाशित झालेलं प्रत्येक पान होतं. आणि एकतीस पानं ताटकळत ठेवून मान मिळाला होता तो ह्या पठ्ठ्याला.

"त्याचा जॅक नावाचा कुत्रा आहे म्हणे," मावशी म्हणाली. "भाजणी किती हवीय, विचारलंस का त्याला?"