देशांतरास गेले, म्हणजे गेले कुठे?

खापरपणजोबांचे थोरले भाऊ ठाण्याच्या तुरुंगातून काळ्या पाण्यावर गेले, एवढं घरात सगळ्यांना ठाऊक. पण कुलवृत्तांत उघडला की त्यांच्या नावापुढे तीनच शब्द: 'देशांतरास गेले, निपुत्रिक.' ना साल, ना गुन्हा. शेजारी मात्र धाकट्यांच्या मुंजी-लग्नांच्या तिथीसुद्धा!

सरकारी कागदांत शोधावं, तर तिथे बहुतेकदा आडनावच नाही. नुसतं नाव, बापाचं नाव, जात. जुना ठाणे जिल्हा पार डहाणूपर्यंत; त्यात 'गणू वल्द राघू' किती निघतील? शिवाय साल कळल्याशिवाय दिशाच कळत नाही. अंदमानची कैदी-वसाहत १८५८ ची. त्याआधी मुंबई इलाख्यातले कैदी सिंगापूर, पिनांगला धाडत.

आणि नौपाड्यातल्या काकूंना विचारलं की दर वेळी तेच, "कशाला गाडलेली मढी उकरतोस?" संताप होतो अगदी. इंग्रजांविरुद्ध बंड करणाऱ्या राघोजी भांगरेंना १८४८ मध्ये ठाण्याच्याच तुरुंगात फाशी दिली, त्यांना आपण हात जोडतो. आमच्या माणसाने चोरी केली असेल, नाहीतर सावकाराला झोडपलं असेल. तरी घरचाच ना तो! काकू, ती माळ्यावरची मोडीतली बाडं तेवढी द्या.